कॅम्परचे ब्रेक लागत नाहीत

टूवूम्बा, ऑगस्ट

प्रिय ब्रॉनी,

दर रविवारी फोनवर तुझा एकच प्रश्न असतो, "बाळ यायच्या आत पर्थला पोचणार ना बाबा?" आणि दर रविवारी मी कॅम्परच्या ब्रेकचं रडगाणं लावतो. आज ते सगळं एकदाच नीट लिहितो.

सेकंडहँड घेतलेला कॅम्पर, आमचं गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, दारात आला तेव्हा तुझ्या आईला गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर गंज दिसला. म्हणाली, "मर्व्ह, हे असलं ध्यान घेऊन नातवंडाला भेटायला जायचं?" मग काय, दांडा घासला, काळा रंग मारला. ती चहाचा कप घेऊन, इथे राहिलं, तिथे राहिलं करत उभी. पुढच्याच आठवड्यात तिचं हृदय बंद पडलं. पुढचं तू इथे येऊन पाहिलंसच.

तू परत गेल्यावर कॅम्पर गाडीला जोडून गल्लीच्या टोकापर्यंत नेला. ब्रेक दाबला तर गाडी थांबली, कॅम्पर मात्र मागून ढकलतच राहिला. घाबरायला हवं होतं. नाही घाबरलो. हल्ली काहीच वाटत नाही बघ. जेवतो, चव लागत नाही. टीव्ही लावतो, काय पाहिलं आठवत नाही.

ब्रेक तपासणं हे दोन माणसांचं काम. एकानं स्टिअरिंगजवळचं कॅम्परच्या ब्रेकचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी कान लावायचा. आतला विजेवरचा चुंबक गुणगुणला की समजायचं, ब्रेक लागतोय. आमच्या जुन्या कॅम्परच्या वेळी बटण तुझ्या आईकडे असायचं. आता मी बटणावर चिकटपट्टी लावली आणि चाकाशी जाऊन आडवा झालो. आवाज नाही. चाकांचे ड्रम उघडले, चुंबक बदलले. तरी नाही.

शेजारचा डेस कुंपणावरून बघत होता. "अरे, हाक मार की! तोंडाला कुलूप लावलंयस का?" आला, दांड्यापाशी वाकला आणि हसतच सुटला. "शहाण्या, अर्थिंगची तार रंगावर आवळलीस! रंगातून करंट जातो होय रे?" खरंच, दांड्यावरचा त्या तारेचा बोल्ट काढून त्याच्याखालीही रंग फासला होता मी. तिनं एक इंचही सोडू दिला नव्हता ना. तेवढा रंग खरवडला, बोल्ट पुन्हा आवळला. डेस बटणाशी बसला, मी चाकाशी. दोन्ही चाकं गुणगुणली. डेसनं टाळी मागितली, मी दिली.

हे मे महिन्यातलं, ब्रॉनी. ब्रेक तेव्हापासून ठणठणीत आहेत. मी तुझ्याशी खोटं बोलतोय. रोज सकाळी गाडीत बसतो, किल्ली फिरवतो, शेजारच्या सीटकडे बघतो आणि उतरतो. तिच्याशिवाय नातवंड बघायला निघायचं म्हणजे ती गेली हे कबूल करायचं. ते माझ्याच्यानं होत नाही. पण बाळ काही माझ्यासाठी थांबायचं नाही. म्हणून हे लिहिलं. या रविवारी ब्रेकचं विचारू नकोस. विमानाचं तिकीट तू काढ, आणि कुठल्या दिवशीचं काढू असं मला विचारू नकोस, नुसतं सांग.

तुझाच,
बाबा