फोनवर शून्य

१९ जानेवारी, मुलुंड साइट
आजपासून मी मिस्त्री. प्रितम सुपरवायझर म्हणाला, कंपाउंडची अर्धी भिंत तू उचल, अंबादास मिस्त्री फार टाइम खातो. लगेच गावी फोन केला. आईला दिवाळीतच सांगून बसलो होतो की मी मिस्त्री झालो. आता ते खोटं राहिलं नाही.

२० जानेवारी
अंबादास म्हणाला, ओळंबा लाव. दोरीला लोखंडी गोळा लटकवायचा आणि तो हलायचा थांबेपर्यंत बघत बसायचं. अशानेच चाळीस वर्षं विटा लावतोय. माझ्या नव्या फोनमध्ये लेव्हलचं अ‍ॅप आहे. मागे तीन कॅमेरे, चांगला जाड उंचवटा. फोनची पाठ भिंतीला लावली. शून्य. झकास.

२१ जानेवारी
गंमत म्हणून त्याच्या भिंतीला फोन लावला. वाकडी निघाली. वय झालं बिचाऱ्याचं. बोललो नाही.
विटा वाहणाऱ्या जयंती आणि शांताबाई माझ्या भिंतीच्या पलीकडे सावलीत डबा खातात. जयंती म्हणाली, इकडून येऊन बघ रे, तुझी भिंत आमच्या डब्यात डोकावते. तिला अ‍ॅप काय कळणार.

२२ जानेवारी
अंबादासने स्वतःचा डबा माझ्या भिंतीपासून लांब नेला. शांताबाईलाही उठवलं. प्रितमकडे जाऊन माझ्याबद्दल बोलला म्हणे, प्रितमने ऐकलं नाही. जळतो यार.
ठरवलं, मी मुकादम झालो तरी त्याला कामावरून काढायचं नाही.

२३ जानेवारी, सकाळ
खालच्या थरात केसाएवढी चीर. सिमेंट सुकताना पडतेच. अ‍ॅप शून्य.
जयंती म्हणाली, मिस्त्री ओरडतो तर ओरडू दे, मी इथेच बसणार, माझा तुझ्यावर भरवसा आहे. मी पुन्हा फोन लावून बघितला. शून्यच.

त्याच दिवशी, संध्याकाळ
दुपारी रेतीची गाडी आली. माझ्या बाजूने रिकामी केली, रेती दोन्ही भिंतींवर टेकली. गाडीचा भोंगा ऐकताच अंबादास मिस्त्री जेवण टाकून धावले होते. जयंतीला दंडाला धरून ओढली.
तिचा डबा माझ्या भिंतीच्या विटांखालून चपटा निघाला. त्यांची भिंत उभी आहे.

२४ जानेवारी
मिस्त्रींनी फोन मागितला. पाठीवरून अंगठा फिरवला, कॅमेऱ्यांच्या उंचवट्यावर थांबवला. स्वतःच्या भिंतीला टेकवला, उंचवट्यामुळे फोन तिरका राहिला. परत दिला. मग ओळंब्याची दोरी माझ्या हातात दिली. म्हणाले, गोळा थांबेपर्यंत धर.
खूप वेळ थांबेना. मी म्हणालो, वारा आहे.
म्हणाले, वारा नाही. हात हलतोय तुझा.