शुभेच्छुकांमध्ये मार्टिना

मंगळवार संध्याकाळ, वलवण

शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फ्लेक्ससाठी आपल्या धरणावरच्या बगळ्याचा फोटो मीच नेटवरून घेतला. कुणीही वापरा, फक्त फोटोखाली माझं नाव द्या, एवढीच तो काढणाऱ्या मार्टिनाची अट. मी नाव लिहून दिलं, आणि फ्लेक्सवाल्यानं ते घातलं कुठं? शुभेच्छुकांच्या यादीत, सरपंचांच्या खाली! याला काय नाव देणं म्हणायचं? छापण्याआधी मी का नाही बघितलं? आता फ्लेक्स चौकात लागलासुद्धा.

तिथंच गावातल्या म्हाताऱ्या आबांनी गाठलं. "बाई, ही मार्टिना कोन वो?"

"तो बगळ्याचा फोटो तिनं काढलाय, आबा."

"मग तिला कार्येक्रमाचं बोलावनं धाडलं का न्हाई?"

बोलावणं? 'तुमचा बगळा घेतला' एवढंही मी तिला कळवलेलं नाही.