काठोकाठ भरलेली वाटी

शॉमबर्ग, १२ मार्च २००६

॥ श्री ॥

चि. सौ. नेत्रास,
अ. उ. आ.

मावशी फोन का करत नाही, म्हणून रुसली असशील. इथला फोन हॉलमध्ये आहे आणि माझ्या कानातलं यंत्र त्यात शिट्या मारतं. मग मी ओरडून बोलते आणि माझं गाऱ्हाणं घरभर होतं. आजचं गाऱ्हाणं घराबद्दलच आहे, म्हणून पत्र.

जानेवारीत माझ्या वाढदिवसाला प्रल्हादने पाखरांची जोडी आणली. आई दिवसभर एकटी असते, असं त्याच्या मनात आलं. माझा मुलगा गुणाचा आहे, फक्त वर्षातून एकदा. झेब्रा फिंच म्हणतात त्यांना. चिमणीच्या निम्मी, चोच लालचुटुक. मी त्यांची नावं रावसाहेब आणि बाईसाहेब ठेवली, कारण दाणे समोर ठेवले की दोघंही आधी मान वाकडी करून नापसंतीने बघतात. पण नेत्रा, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं गं.

आता भानगड अशी. त्यांचं बी आपल्या राळ्यासारखं बारीक. प्रत्येक दाणा सोलायचा, गर खायचा आणि फोलपट थुंकायचं, ते थेट प्रीताच्या पांढऱ्या कार्पेटवर. सूनबाई माझी कमी बोलते, पण व्हॅक्यूम ज्या जोराने ढकलते त्यात सगळं येतं. परवा मात्र तिने तोंडाने सांगितलं की एप्रिलपर्यंत दाण्याचं भांडं बदला, नाहीतर पिंजरा गराजमध्ये. इथल्या थंडीत! मी म्हटलं, मग माझी कॉटही तिथेच टाका. प्रल्हाद लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसला.

दुकानात बघून आले. एक हुकाची उघडी वाटी, एक लांब नळी, एक झाकणाची डबी, शिवाय पिंजऱ्याला नेसवायची झालर. मला काय कळतंय त्यातलं? तुझ्या कॉम्प्युटरला विचार आणि लवकर कळव. राजेशरावांना आशीर्वाद.

कळावे. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
शोभनामावशी

---

क्युपर्टिनो, २१ मार्च २००६

ती. शोभनामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात लंचला वाचलं आणि कॉटचं वाचून एवढी हसले की शेजारच्या क्युबिकलमधली मुलगी उठून बघायला आली. गराजमध्ये झोपू नकोस, तिथे प्रल्हाददादाची ट्रेडमिल आहे. ती त्यानेसुद्धा आजवर वापरलेली नाही.

दोन संध्याकाळी बसून रिसर्च केला. राजेश म्हणतो, घर घेताना हिने एवढे रिव्ह्यूज वाचले नव्हते. नळी नको, लहान पक्ष्यांना कधीकधी त्यातून दाणा काढता येत नाही. झालर नको, तुझी बाईसाहेब तिच्या चिंध्या करील. बेस्ट म्हणजे झाकणाची डबी. पुढे पारदर्शक खिडकी असते, पक्षी आत डोकं घालून खातो, त्यामुळे कचरा आतच राहतो. कार्पेट क्लीन, वहिनी हॅपी. एकदा भरली की आठवडाभर बघायला नको, असं पाकिटाच्या फोटोवरच लिहिलंय. मी ऑर्डर केलीय, शुक्रवारपर्यंत येईल. थँक्यू म्हणू नकोस, लाडूचा डबा पाठव.

वडीलकीचा लोभ आहे, तो असाच चालू ठेव ही विनंती.
तुझी,
नेत्रा

---

शॉमबर्ग, २ मे २००६

चि. सौ. नेत्रास,
अ. उ. आ.

रावसाहेब गेला.

तुझी डबी आली, छान होती. तीन आठवडे कार्पेटवर कण पडला नाही. प्रीताने तर एकदा पिंजऱ्याशी उभं राहून शीळसुद्धा घातली. मग प्रीताच्या भावाकडे चार दिवस मिनियापोलिसला जायचं ठरलं. निघताना मी प्रल्हादला म्हटलं की एकदा दाणे बघ रे. त्याने बघितलं आणि म्हणाला, काठोकाठ आहे, चल आता, उशीर होतोय. मीही वाकून बघितलं. खिडकीतून डबी भरलेली दिसत होती.

रविवारी परत आलो तर रावसाहेब पिंजऱ्याच्या तळाशी. हातात घेतला तर कापसाएवढंही वजन नाही. बाईसाहेब दांडीवर पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेली. मी डबीत बोट घातलं. नुसती फोलपटं. काठोकाठ फोलपटं, नेत्रा! उघड्या वाटीतून ती बाहेर उडतात, म्हणून कार्पेट घाण होतं. झाकणाच्या डबीत ती आतच साठतात आणि बाहेरून डबी भरलेली दिसते. जन्मभर सुपात धान्य पाखडलं मी. फोल कुठलं आणि दाणा कुठला, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी खिडकीतून बघून मी गाडीत जाऊन बसले. रावसाहेबाचं पाप माझ्या माथी आहे, ते मी नाकारत नाही.

पण पुढचं ऐक. प्रल्हाद मला जवळ बसवून अगदी गोड आवाजात म्हणाला की आई, तुझी चूक नाही, या वयात होतं असं, आता तुला हे झेपणार नाही. अमित म्हणून त्याच्या ऑफिसात आहे, त्याच्या बायकोला, सुनेत्राला, पाखरांची हौस आहे. बाईसाहेब तिच्याकडे द्यायची असं त्याने ठरवूनसुद्धा टाकलं. मला न विचारता!

डबी त्यानेही बघितली होती ना गं? डोळ्याला चष्मा नाही त्याच्या. त्याची चूक झाली ती घाई, आणि माझी झाली ते वय? आज पाखरू काढून घेतील, उद्या गॅसला हात लावू नको म्हणतील, परवा दाराची किल्ली मागतील. मी नागपूरला एकटीने घर चालवलंय बाप्पा, मला कुणी झेपतं का म्हणून विचारलं नव्हतं. मी साफ सांगितलं की पाखरू जाणार नाही. तो हसला, लहान मुलाच्या हट्टाला हसतात तसा. त्या हसण्याने माझ्या अंगाची लाही लाही झाली.

कळावे. लोभ ठेवच, सध्या इथे त्याची टंचाई आहे.
तुझी,
शोभनामावशी

---

क्युपर्टिनो, १० मे २००६

ती. शोभनामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला ऑफिसात बसवेना. डबी मी निवडली, पाकिटावरचं वाक्य मीच तुला हौसेने लिहिलं. सॉरी मावशी, खरंच सॉरी.

पण एक सांगू? रागावू नकोस. प्रल्हाददादाचा हेतू वाईट नाही. तुला पुन्हा असं दुःख नको, एवढंच त्याच्या मनात असेल. सुनेत्रा चांगली सांभाळेल. तू महिनाभर इकडे ये, मी तिकीट काढते. अंगणात लिंबं लागलीत, आपण लोणचं घालू. एका पाखरासाठी घरात वाकडेपणा कशाला? दे ना सोडून.

राग आला तरी लोभ कमी करू नये.
तुझी,
नेत्रा

---

शॉमबर्ग, २२ मे २००६

चि. सौ. नेत्रास,
अ. उ. आ.

आला राग. चांगला दोन दिवस टिकला. दे सोडून, म्हणे! तूसुद्धा? लोणचं घालायला मी येईन, पण कुणी मला घरातून हलवावं म्हणून नाही.

शनिवारी सुनेत्रा पिंजरा न्यायला आली. पोरगी चांगली आहे, घरी केलेली शंकरपाळी घेऊन आली होती. प्रल्हादने पिंजऱ्यावर चादरसुद्धा टाकून ठेवली होती. मी म्हटलं, नेण्याआधी माझी एक परीक्षा द्या, मग खुशाल न्या. टेबलावर दोन स्टीलच्या वाट्या मांडल्या. एक शिगोशीग, दुसरी जेमतेम अर्धी. विचारलं की चार दिवस गावाला जायचंय, पाखराला कुठली ठेवाल? हात लावायचा नाही, फक्त बघून सांगायचं. त्या दिवशी आम्ही बघितलं तसंच.

प्रल्हादने कपाळाला आठ्या घातल्या आणि शिगोशीग वाटीकडे बोट केलं. सुनेत्रानेही तिकडेच. मग मी प्रीताला बोलावलं. ती आली, दोन्ही वाट्यांवर वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि अर्ध्या वाटीवर बोट ठेवलं. म्हणाली, त्या भरलेल्या वाटीत नुसती फोलपटं आहेत, तीन महिने मी कार्पेटवरून हीच तर उचलतेय.

तेव्हा मी ती भरलेली वाटी हातात घेतली आणि जोरात फुंकर मारली. बाप्पा, काय उडाली ती! सोफ्यावर, शंकरपाळ्यांवर, प्रल्हादच्या इस्त्रीच्या शर्टावर आणि पांढऱ्याशुभ्र कार्पेटभर. वाटीचा तळ लखलखत होता. मी प्रल्हादला म्हटलं की तूही चुकलास, मीही चुकले, तर दोघांचंही वय झालं म्हण, नाहीतर दोघांचंही म्हणू नको.

तो शर्टावरची फोलपटं झटकू लागला. मला वाटलं, आता प्रीता व्हॅक्यूम आणणार. ती हललीसुद्धा नाही. नवऱ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली की त्या दिवशी काठोकाठ आहे म्हणून तूच सांगितलंस, मी दारातून ऐकलं होतं. मग तिने जाऊन पिंजऱ्यावरची चादर काढली. सुनेत्रा चहा पिऊन रिकाम्या हाताने गेली. जाताना मला विचारून गेली की तिने पाखरं आणली तर फोलपटं ओळखायला शिकवाल का. शिकवीन म्हटलं, ये बुधवारी.

आता बाईसाहेबला उघडी वाटी, तीही दुकानातली ती हुकाची. सकाळी मी ती बाहेर डेकवर नेऊन फुंकते. संध्याकाळी प्रीता फुंकते, मला न विचारता. कार्पेट घाण होतं, ते होणारच. तुझी डबी धुऊन पुसून ठेवली आहे, तिच्यात मी बटणं भरली. काल प्रल्हाद बाईसाहेबला जोडीदार आणू का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, आधी परीक्षा पास हो.

लिंबं झाडावर असू देत. सप्टेंबरात येईन, माझं तिकीट माझ्या मनाने काढीन.

कळावे. लोभ असला तर असू दे, पिंजरा मात्र इथून हलणार नाही.
तुझी,
शोभनामावशी