तपकिरीत गेलेली अधेली

४ ऑक्टोबर १९५९, रविवार
पुण्याहून लिमयांचं पत्र. एकोणीसची अधेली द्यायला तयार झाले एकदाचे. बावीस वर्षं झुलवलं या गृहस्थानं. बदल्यात दोन ढब्बू पैसे नि एक पोर्तुगीज नाणं मागतो आहे. घे बाबा, सुखानं घे.
निकेलची आठ आण्यांची नाणी पंचम जॉर्जच्या काळात जेमतेम दोन वर्षं पाडली, १९१९ नि १९२०. नकली फार निघाली म्हणून सरकारनं परत गोळा केली. वीसची माझ्याकडे आहे, बावीस वर्षांपूर्वी निपाणीच्या तंबाखूवाल्याकडून मिळालेली. आता जोडी होणार. बेळगावात अशी जोडी कुणाकडे नव्हती. बंगळूरचं ठाऊक नाही, आणि कळून घ्यायचंही नाही.
संध्याकाळी चित्राबरोबर तळ्यापर्यंत. येताना कडलेपुरी, म्हणजे इथले चणे-चुरमुरे. नऊ वर्षांची ही पुतणी बरोबर असली की गुडघा दुखत नाही. मास्तरकी संपवून बंगळूरला धाकट्या भावाकडे राहायला येणं जिवावर आलं होतं. आता वसंता हाताला धरून बाहेर काढील तेव्हाच जाईन.

११ ऑक्टो.
रजिस्टर पाकीट आलं. अधेली सुरेख आहे, कड शाबूत.
जेवणं झाल्यावर नाण्यांची पेटी काढली. नऊ खण रिकामे. अगदी रिकामे नव्हेत, प्रत्येकात एकेक चिठ्ठी, चित्राच्या अक्षरात. ‘कोथिंबीर’. ‘बस’. ‘खोडरबर’. ‘आईचे फूल’. वीसच्या अधेलीच्या खणात, ‘काकांची तपकीर, मोठा डबा’.
चिठ्ठ्या होत्या तशाच ठेवून पेटी मिटली.

१२ ऑक्टो.
घरात बोललो नाही. तळ्यावर नेऊन विचारलं.
“तुम्हीच सांगितलंत की काका. जुनी नाणी आधी खपवायची, नवी ठेवायची. पुढं कुणी घेणार नाही.”
सांगितलं होतं. जूनमध्ये स्वयंपाकघरात ‘सहा न. पै. = एक आणा’ असा तक्ता डकवला नि सगळ्यांना उभं करून व्याख्यान दिलं. चित्राच्या आईनं, सुमननं, ते एका कानानं ऐकून सोडून दिलं. वसंता तर मधेच उठून गेला. मनावर घेतलं ते या एकटीनं.
“पैशांच्या डब्यातली जुनी संपली. मग पेटीतली घेतली. ती तर सगळ्यात जुनी होती.”
आणि शाबासकीची वाट बघत उभी. मी ‘बरं केलंस’ म्हणालो. 
त्या मोठ्या डब्यातली तपकीर मी गेले दोन महिने ओढतो आहे. बरी आहे म्हणून सुमनला दोनदा सांगितलंही. गाढव आहे मी.
वसंताला सांगायचं नाही. त्याचा हात चटकन उठतो.

१४ ऑक्टो.
शोध. भाजीवालीकडे दोन सापडली, तिला आकार आवडला म्हणून ठेवून दिलेली. बदल्यात रुपया दिला तर संशयानं बघायला लागली. फूलवाल्याकडे एक. बसमधलं गेलं ते गेलंच. चिठ्ठ्या आहेत म्हणून निदान कुणाच्या दारात जायचं ते कळतं. पोरीला पद्धत आहे हे मान्य करायला हवं.
आता तपकिरीचं दुकान राहिलं. तेच खरं.

१५ ऑक्टो.
दुकान कमलम्माचं. पन्नाशीची बाई, नवरा नाही, एक मुलगी. मी माझ्या धारवाडी कानडीत विचारलं, आधी ती ते ऐकून पोट धरून हसली. मग म्हणाली, ते जुनं राजाचं नाणं ना, आहे की.

गल्ल्यात नाही टाकलं म्हणाली. इतकं जुनं, जड नाणं लहान मुलीच्या हातून दुकानात आलं म्हणजे देवानंच पाठवलं. बोटानं वर दाखवलं. बालाजीच्या तसबिरीशेजारी खिळ्याला पिवळ्या फडक्याची एवढीशी पुरचुंडी, तीन गाठींची. याला मुडिपु म्हणतात. देवाच्या नावानं बांधून ठेवायचं, इच्छा पुरी झाली की तिरुपतीला जाऊन हुंडीत टाकायचं. तोवर गाठ सोडायची नाही.
इच्छा काय, तर मुलगी सरोजा एस्.एस्.एल्.सी. पास व्हावी. दोनदा गणितात गेली. पास झाली तर नर्सिंगला घेतील.
मी आठ आण्यांची तपकीर घेऊन घरी आलो. घरी डबा अर्धा भरलेला असताना.

१८ ऑक्टो.
मागितली तर देईलही. भिडस्त आहे. पण गाठ सुटली की नवस मोडला, आणि पोरगी पुन्हा नापास झाली की जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडत बसेल. बरोबरच आहे तिचं.
दुसराही एक विचार आला. पोरगी तिसऱ्यांदाही नापास झाली तर पुरचुंडी खिळ्यालाच राहील. माझी अधेली इथंच, दोन गल्ल्या पलीकडे, सुखरूप.
हा विचार मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे लाज वाटत राहील.

२ नोव्हें.
दिवाळी छान झाली. सुमनच्या चकल्या यंदा कुरकुरीत, मागच्या वर्षीच्या दातांची परीक्षा घेणाऱ्या होत्या. तिला बोललो तर म्हणते, “भाऊजी, दात तुमचे जुने झालेत, चकली नाही.”

२३ नोव्हें.
खोबरेल आणायला कमलम्माकडे गेलो. सरोजा गल्ल्यावर, पुढ्यात वही. उलटी वाचली. नफातोट्याचं उदाहरण, दुसऱ्या पायरीलाच खड्ड्यात. ज्या मुलीच्या हातून रोज दोनशे गिऱ्हाइकांचा हिशेब बिनचूक जातो, तिला नफातोटा येत नाही म्हणजे शिकवणाराच दगड असला पाहिजे.
तीस वर्षं गणित शिकवून विटलो होतो. पुन्हा खडू हातात घेणार नाही असं शपथेवर सांगून बेळगाव सोडलं. पण राहवेना. पेन्सिल मागितली.
खोबरेल तिथंच विसरलो.

६ डिसें.
रोज साडेचार ते सहा, दुकानात. चित्राही येते, पोत्यावर बसते. ‘व्यापारी’ नि ‘माल’ हे शब्द काढून टाकले, तपकीर नि गूळ घातला, तर सरोजाला सगळं येतं. भूमितीला मात्र घाबरते. कमलम्मा मला आता ‘मेष्ट्रे’ म्हणते, म्हणजे मास्तर. तपकिरीचे पैसे घेत नाही. मी गल्ल्यावर ठेवून येतो, ती चित्राच्या हाती परत पाठवते. रोजचा खेळ झाला आहे.
डोळे सारखे खिळ्याकडे जातात. सरोजाला वाटतं मास्तर फार देवभक्त.

१७ जाने. १९६०
थंडी. सकाळी मफलर. आज सरोजानं प्रमेय न अडखळता सांगितलं. मी आनंदानं पोत्यावर थाप मारली, मिरचीचं निघालं. तिघं शिंकत बसलो.
घरी येताना लक्षात आलं, दिवसभरात अधेलीची आठवण एकदाही झाली नाही. रात्री मात्र झाली.

९ फेब्रु.
लिमयांचं पत्र. ‘जोडी शेजारी शेजारी कशी दिसते ते कळवा.’ चष्मा सापडेना म्हणून चित्रानंच वाचून दाखवलं. मग पत्र खाली ठेवून विचारलं,
“कसली जोडी?”
सांगितलं. कधीतरी सांगायलाच हवं होतं. किमतीचं बोललो नाही, पण पोर हुशार, विचारलंच. सांगितल्यावर रडली नाही. पेटीजवळ बसून आपल्या चिठ्ठ्या एकेक वाचल्या. ‘तपकीर’ वाचून म्हणाली, “मग तुम्ही रागावला का नाही?”
म्हटलं, व्याख्यान माझं, तपकीर माझी, रागावू कुणावर.
“मी कमलम्माला दुसरे आठ आणे देते.”
नको म्हणालो. जरा जोरातच. मग तिला जवळ घेतलं. ही पोर माझ्यावर रुसली तर मला या गावात काय आहे.

२८ मार्च
गणिताचा पेपर झाला. सरोजा बाहेर आली ती थेट माझ्याकडे. पेपर ओट्यावर पसरून सगळा पुन्हा सोडवला. पासापुरते नक्की. कमलम्मानं मला खायला दिलेल्या केळ्याचं साल मी खिशात घातलं, इतका घाबरलो होतो. माझ्या स्वतःच्या परीक्षेला असा घाबरलो नव्हतो.

२१ मे
पास. गणितात चौपन्न.
कमलम्मा दुकान उघडं टाकून आमच्या दारात. आली तशी सुमनच्या गळ्यात पडली. सरोजा पाया पडली तेव्हा माझेही डोळे भरले. सुखानंच. अर्धं तरी सुखानंच.

२९ मे, रविवार
उद्या पहाटेच्या बसनं तिरुपतीला. कमलम्मा, सरोजा, मी नि चित्रा. नको म्हणायची सोय नव्हती. पास मेष्ट्रेंनी केलं तर हुंडीत मेष्ट्रेंनीच टाकायचं, असं तिनं ठरवून टाकलं आहे. दुपारी स्वतः येऊन पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली. आजचा दिवस तुमच्या देव्हाऱ्यात राहू दे म्हणाली. सात महिने जिच्याकडे मान वर करून बघितलं ती आता टेबलावर, वहीच्या शेजारी. फडक्यावरून बोट फिरवलं तर कड लागते.
चित्रा येऊन गेली. सिंहाच्या छापाची साधी अधेली नि तसंच पिवळं फडकं माझ्यापुढं ठेवलं. “तीनच गाठी आहेत काका. मला बांधता येतात. देवाला तेवढेच आठ आणे मिळतील की.”
कमलम्माला विचारायचं का, म्हटलं.
विचार करून म्हणाली, “तिला विचारलं तर ती देईल. म्हणून विचारायला नको.” आणि खेळायला गेली. नऊ वर्षांची आहे. मला तेवढं कळायला तेव्हा तीन दिवस लागले होते.
पाच वाजले. सहाला कमलम्मा डबे नि सामान घेऊन इकडेच मुक्कामाला येणार. पेटी उघडीच आहे. एकोणीसची एकटी पडली आहे. एक गाठ सैल वाटली म्हणून घट्ट केली. मग सोडली. परत बांधली. आतली बावीस वर्षं जवळ होती, एकदा नुसती बघावी, एवढंच मनात आहे. बघितल्यावर हातातून सुटेल की नाही, ते मला सांगता येत नाही.