पेलेल असं नाव

वोनोसोबो, ४ मार्च १९७४

ती. बापाक यांस, सून सुम्यार्तीचा सा. न., वि. वि.

बाळ सुखरूप आहे आणि रडतं आहे. दिवेलागण झाली की भोंगा सुरू, तो पहाटेपर्यंत. तुमचा हारतोनो त्याला खांद्यावर टाकून येरझारा घालतो आणि उभ्या उभ्या पेंगतो. सुईणबाईंनी वजन केलं, पोट तपासलं. म्हणाल्या, बाळ ठणठणीत आहे, काही बाळं रडतातच, तीन महिन्यांत ओसरेल. त्यांना काय जातंय म्हणायला!

आता कसं लिहू? शेजारच्या कार्तीकाकू रोज सांगतात, पोराला नाव पेलत नाहीये, म्हणून रडतो. सूर्यकुसुमा हे राजवाड्यात शोभणारं नाव, आपण पडलो सुतार. हलकं नाव ठेवा म्हणतात. नाव तुम्ही दिलंत, म्हणून हारतोनोची लिहायची छाती होत नाही. मला झोपेअभावी भीडच उरलेली नाही. बदलू का? रागावलात तरी आशीर्वाद धाडा.

आपली,
सुम्यार्ती

बांतुल, ११ मार्च

चि. सौ. सुम्यार्तीस, अ. आ.

रागावलो. दोन दिवस नुसतं लाकूड तासत बसलो. आज रंधा बाजूला ठेवून लिहायला बसलो.

पोरी, ते नाव माझंच. माझ्या बापाने हौसेने ठेवलेलं. मीही असाच रडायचो म्हणे. चाळिसाव्या दिवशी तांबडी-पांढरी खीर वाटून मला पाइमिन केलं. आमच्या गल्लीत पाइमिन म्हणून हाक मारली तर चौघं ओ देतात! आईने हे सांगितल्यापासून ते पहिलं नाव मनातून गेलं नाही. नातवाच्या निमित्ताने तरी घरात ऐकू येईल, एवढीच आशा होती. पण रात्री जागता तुम्ही. म्हाताऱ्याच्या हौसेपायी लेकराला कशाला त्रास? खुशाल बदला. आणि जीव अगदीच मेटाकुटीला आला, तर त्याला चटईवर नीट निजवून घटकाभर दारात बस. त्यात काही पाप नाही.

तुम्हा तिघांची वाट पाहणारा,
पाइमिन

वोनोसोबो, २५ मार्च

ती. सूर्यकुसुमा यांस, सा. न., वि. वि.

दचकू नका, पाकिटावरही हेच लिहिलंय. शुक्रवारी खीर केली, बाळाला वागियो हे हलकं नाव ठेवलं. दुआ म्हणून झाल्यावर वडीलधारे उठायला लागले, तर हारतोनोने त्यांना थांबवलं. म्हणाला, लग्न झालं की पुरुषाला मोठेपणीचं नाव देतात, आमच्या बापाचं ते राहूनच गेलंय. सूर्यकुसुमा नाव आता त्यांना द्या, त्यांना पेलेल. सगळ्यांनी होकार दिला आणि पुन्हा वाटीभर खीर खाल्ली.

वागियो अजून रडतो. कार्तीकाकू आता म्हणतात, दात येताहेत. दीड महिन्याच्या बाळाला! पण काल मात्र सलग तीन तास झोपला. मी उठून उठून त्याचा श्वास बघत होते. वेडीच मी!

माया अशीच राहू द्या.
सुम्यार्ती

बांतुल, १ एप्रिल

चि. सौ. सुम्यार्तीस, अ. आ.

पोस्टमनने अंगणात उभं राहून पाकिटावरचं नाव मोठ्यांदा वाचलं. तुझी सासू म्हणाली, असं कुणी इथे राहत नाही. तो सायकल वळवून निघालासुद्धा. मी हातातलं टाकून त्याच्यामागे अनवाणी धावलो आणि ओरडलो, अरे थांब, तो मीच!

वागियोला पापा.
तुझा सासरा,
सूर्यकुसुमा