मूठभर कणी

आई,

माझा संशय खरा निघाला. तू मला खोटं सांगितलं होतंस. तुला जाऊन सोळा वर्षं झाली, भांडायला समोर कोणी नाही, म्हणून हे कागदावर काढतोय. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. येत असतं, तरी आधी तू हा कागद उलटसुलट करून पाहिला असतास. कोणी दिला, का दिला, मागच्या बाजूला आणखी काही लपवलंय का. तुझा हा स्वभाव माझ्यात पुरता उतरलाय. कंपनीत मी प्रत्येक वाल्व्ह दोनदा तपासतो, घरी आलो की गॅस दोनदा तपासतो, दूधवाल्याचं माप रोज बघतो. बायको म्हणते, एक दिवस हा माणूस माझी नाडीसुद्धा दोनदा बघेल आणि तरी विचारेल, खरंच चालू आहे ना? एवढा संशयी मी, आणि तुझं खोटं पकडायला मला आयुष्य लागलं. याचा मला भयंकर राग आलाय.

गोष्ट मुटक्यांची आहे. आपल्या भाताच्या मुटक्यांची, जे तू गुरांमागे जाताना पळसाच्या पानात बांधून न्यायचीस. मी आठ-नऊ वर्षांचा आहे, चुलीपाशी बसलोय. तू टोप खाली उतरवतेस. भात पार मऊ झालाय. त्यात मीठ आणि खवलेला नारळ टाकतेस आणि वाफ निघत असतानाच उलथन्याने घोटायला लागतेस. मग कोमट पाण्यात हात बुडवून मूठभर भात घेतेस आणि मूठ आवळतेस. मुटक्यावर तुझ्या चार बोटांचे वळ उठतात. मी माझा मुटका लाडवासारखा गोल करायला गेलो की तू हातावर चापट मारतेस. "गोल नको करू रे. गोल मेल्यांसाठी. आपन जिती मानसं हाव." दुपारी वरच्या माळावर पान सोडलं की मुटका अख्खाच्या अख्खा निघायचा, सोबत सुक्या जवळ्याची चटणी. एक शीत सांडायचं नाही. एक गोष्ट मात्र मी तेव्हाही पाहिली होती. टोपात तांदूळ घालताना तू आमच्याकडे पाठ करायचीस. मापाला नजर लागते, असं विचारल्यावर सांगायचीस. मी ते मान्य केलं, कारण आपल्या घरात नजर कशालाही लागायची, म्हशीच्या दुधालाही आणि ताईच्या केसांनाही.

मग मी आयटीआय करून महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत लागलो. बिरवाडीत दोघांत मिळून एक खोली घेतली. निघायच्या आदल्या दिवशी तू शेळ्यांना पाला टाकत होतीस आणि मी म्हटलं, मुटके शिकव. तू लगेच वळली नाहीस.

"कशाला? खानावळ हाय ना तिथं?"

"खानावळीत मुटके मिळत नाहीत."

"मग हितं येऊन खा. कोन नको म्हनतो?"

मी हट्ट सोडला नाही. तू पाला टाकत राहिलीस आणि शेळ्यांनाच सांगावं तसं पुटपुटलीस, "त्याच्या बापाला भाकरी थापायला शिकवली, तीच चूक केली मी." बाबा मुंबईला खोलीवर स्वतःच रांधून खायचे. आधी गणपतीला आणि शिमग्याला यायचे, पुढे नुसते गणपतीला, तेही पाहुण्यासारखे, पायातल्या चपला दाराबाहेर सरळ लावून ठेवणारे. मला वाटलं, हे तुझं नेहमीचंच. शेवटी संध्याकाळी तू मला चुलीपाशी बसवलंस आणि सगळं सांगितलंस. पाणी किती, मीठ कधी, घोटायचं कसं. आणि सगळ्यात जोर देऊन सांगितलंस ते हे: "तांदूळ नीट पाखडून घे. कणी सगळी काढ. एक कन ऱ्हाता कामा नाय. कणी ऱ्हायली की मुटका फुटतो." मी शहाण्यासारखं म्हणून दाखवलं, कणी काढायची, कणी कोंबड्यांना. तू मान हलवलीस, पण माझ्याकडे न बघता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू कोणाशीही बोलताना थेट डोळ्यांत बघायचीस, रेशनवाला तर तू दिसलीस की आधी तराजूचं पारडं पुसून घ्यायचा.

पहिल्या सुट्टीच्या रविवारी मी खोलीत वर्तमानपत्र पसरून तांदूळ पाखडला. तुकडा दिसला की नखाने उचलत होतो. खोलीतला माझा जोडीदार साताऱ्याकडचा, त्याने विचारलं की मी तांदळात काय शोधतोय. मी दुपारपर्यंत खपलो आणि सहा मुटके वळले. ताटात ठेवले की एकेक करून बसले. आम्ही तो भात चमच्याने खाल्ला आणि जोडीदार म्हणाला, उपमा छान झालाय. मग माझं संशयाचं चक्र सुरू झालं. आधी दुकानदार. दुकान बदललं. मग जोडीदाराचा टोप, त्याचं बूड पातळ होतं. टोप बदलला. मग पाणी. वसाहतीच्या कडेला राहणारा माणूस शेवटी पाण्यावर येतोच, मी तर पोलादपूरहून कॅन भरून आणला. तरी फुटले. मी सगळ्यांवर संशय घेतला, आई, माझ्या दोन्ही हातांवरसुद्धा घेतला. तुझ्यावर मात्र घेतला नाही.

तो फोन तुला आठवत असेल. पहिला प्रयत्न फसला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. खालच्या वाडीतल्या दुकानात फोन होता आणि तू खास त्यासाठी उतरून आली होतीस. तब्येत विचारली नाहीस, नोकरी विचारली नाहीस.

"जमले का मुटके?"

"जमले."

"फुटले नाय?"

"नाही."

"एकबी नाय?"

"अगं, नाही म्हटलं ना. अगदी तुझ्यासारखे झाले."

मग तू विचारलंस, "कणी काढलीस?" मी म्हटलं, सगळी. "बरं मग," म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला इतका राग आला होता. मुलगा कंपनीत कामाला लागला, शंभर वाल्व्हचं गणित सांभाळतो, आणि आईला संशय की याला भात दाबता येत नाही. पुढच्या सुट्टीला मी आलो नाही. डबल शिफ्ट आहे असा निरोप ठेवला. शिफ्ट नव्हती. आंबेनळीच्या वळणावर एसटीतून उतरून दीड तास चढायचं आणि वर तुझी उलटतपासणी, नको वाटलं. एकदा चुकवलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. मग लग्न झालं, मुलं झाली, मीही गणपतीला येऊ लागलो, आणि कधीतरी माझ्याही लक्षात आलं की मी चपला दाराबाहेर सरळ लावतोय. तुला ताप आल्याचा निरोप मिळाला तेव्हा खरंच शिफ्ट होती. मी पोचलो तोवर अंगणात माणसं जमली होती.

गेल्या महिन्यात ताई आली. पोलादपूरहून डोळे दाखवायला महाडला आली होती, दोन दिवस आमच्याकडे राहिली. सकाळी म्हणाली, मुटके करते. मी रात्रपाळी करून आलेलो, झोपायचं सोडून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. बायको म्हणाली, त्यांना करू द्या, तपासनीसासारखे काय उभे? पण मी हललो नाही, आणि म्हणूनच मला दिसलं. ताईने आमच्या डब्यातला तांदूळ धुऊन टोपात घातला. मग पिशवीतून एक पुरचुंडी काढली, सोडली आणि मूठभर कणी त्यावर टाकली.

"ही कणी कशाला?" मी विचारलं.

"चिकटायला. कणी शिजून लगदा होतो, तोच धरून ठेवतो. कणीबिगर मुटका ऱ्हातो होय?"

"आई तर सांगायची, कणीने फुटतो."

ताईचा हात टोपावर तसाच राहिला. मग ती हसायला लागली, पदर तोंडाला लावून. "तुला अजून ठावं नाय? अरे, तिनंच मला बजावलेलं. त्याला कणीचं बोलू नको. चार वेळा फुटतील, मग येईल गपचूप खायाला. त्याला जमलं तर तो डोंगर कशाला चढंल?"

मीही हसलो. खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. बघा, दुकानदार चांगला होता, टोप चांगला होता, पाणी चांगलं होतं. मला फसवलं होतं आणि ते माझ्या आईने केलं होतं. मी बायकोकडे विजयाने बघितलंसुद्धा. पण ताईचं हसू तेवढ्यात थांबलं होतं.

"पन तू तर पयल्याच वेळी केलेस," ती म्हणाली. "कणीबिगर. फोनवर सांगितलंस ना तिला? मी तवा बाळंतपनाला आलेले. ती दुकानावरनं वर आली, पानी पन प्यायली नाय. कणीचं मडकं उचललं नि सगळी कणी अंगणात कोंबड्यांना टाकली. मी म्हनलं, आये, काय करतेस? तर म्हनली, आता कोनासाठी ठेवू? त्याचा हात बसला." तिने टोपावर झाकण ठेवलं. "आयतवारी तू येशील म्हनून ती वाटीभर तांदूळ जास्ती घालायची, त्यानंतर ते पन बंद झालं."

त्या दिवशी मला झोप लागली नाही. तुझा रागच येत राहिला. एवढी हुशारी कोणी सांगितली होती? कणी लपवायची, पाठ करायची, ताईला शपथा घालायच्या. साधं सरळ ये म्हणता येत नव्हतं? आणि मग आठवलं की तू म्हणाली होतीस. शेळ्यांना पाला टाकताना, सगळ्यात आधी, तेच म्हणाली होतीस. मग हितं येऊन खा. ते मी ऐकून घेतलं नाही आणि कणीचं खोटं मात्र मनापासून पाळलं. फोनवर तू तीनतीनदा का विचारत होतीस तेही आता कळतं. तू वाट बघत होतीस की मी म्हणेन, फुटले गं. तुझा माझ्यावर संशय होता, तो बरोबर होता. आयुष्यात त्या एकाच वेळी तू कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवलास.

आज सुट्टी होती. ताईने मागे ठेवलेल्या कणीतून मूठभर घेऊन मी मुटके केले. पाखडलं काहीच नाही. सहा केले, सहाही राहिले, प्रत्येकावर चार बोटांचे वळ. एक मी हातातून ताटात मुद्दाम टाकून पाहिला, मग दुसऱ्यांदाही टाकून पाहिला. चव तुझीच होती. दोनच खाल्ले.

ताई निघताना तिने मला एसटीच्या खिडकीतून विचारलं होतं, "खरं सांग रे, कणीबिगर कसे केलेस तू?" मी म्हटलं, पाणी थोडं कमी घातलं. तिने मान डोलावली, लक्षात ठेवल्यासारखी. आता ती पोलादपुरात तसे करून बघणार आणि तिचे फुटणार, आणि ती स्वतःच्या हाताला दोष देणार. तिला फोन करून सांगायला हवं. अजून केलेला नाही. हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणून निदान तुला आधी सांगतो.

जमले नव्हते, आई. एकही जमला नव्हता.