शेळ्या माझं ऐकत नाहीत

२९ जुलै

चौथा दिवस. शेळ्यांनी आजही मला हिंग लावून विचारलं नाही. बेचाळीस शेळ्या! समोरच्या उतारावर चरतायत, मी गोठ्याच्या दारातून घसा फाडतेय, एकीचाही कान हलत नाही. मग शेळ्यांची मालकीण गुनवोर हात पुसत बाहेर आली, एक लांब, उंच, वळणं घेत जाणारी हाक मारली — आणि सगळ्या घंटा वाजवत खाली. माझ्या पायावरून गेल्या अक्षरशः.

गेंटहून, माझ्या शहरातून, बॅग पाठीला लावून निघाले ती फियॉर्ड बघायला, डोंगरांत आत घुसलेला समुद्र. खाणं-राहणं फुकट, बदल्यात रोज पाच तास काम, असं ठरलं होतं. पाच तास! सकाळी धारा. मग चीज काढून उरलेलं पाणी ढवळत ढवळत आटवायचं, दुपारपर्यंत. त्याचं तपकिरी चीज होतं. हात थांबला की बुडाला लागतं. फियॉर्ड? धुकं असतं तिथे.

३० जुलै

आस्ले आला होता. गुनवोरचा भाऊ, चीज खाली गावात न्यायला येतो. पेट्या चढवताना त्यानं सगळं सांगितलं. गुनवोरच्या गळ्यात गाठ आहे. १४ ऑगस्टला ऑपरेशन. आधीच्या दोन तारखा तिनं टाळल्या, शेळ्यांना कोण बोलावणार म्हणून. इथे डोंगरावर प्रत्येक बाईची हाक वेगळी, आणि कळप ती एकच ओळखतो. संध्याकाळी आल्या नाहीत तर धारा राहतात, कासा सुजतात.

मी म्हटलं, तू का नाही बोलावत?

"माझ्या हाकेला फक्त बायको येते. तीही भांडायला."

हसले. तोही हसला, मग थांबला. "तुझा आवाज त्यांना ओळखीचा झाला तर ती जाईल. नाहीतर हीसुद्धा तारीख गेली."

म्हणजे सगळं माझ्या गळ्यात! मी सात तारखेला निघणार होते. माझी मैत्रीण नेले वर उत्तरेला लोफोटेन बेटांवर तंबू ठोकून माझी वाट बघतेय.

२ ऑगस्ट

युक्ती सापडली. काल गुनवोरची हाक मोबाइलवर रेकॉर्ड केली, आज ती खाली नदीवर गेल्यावर छोट्या स्पीकरवर लावली. आल्या! सगळ्या! मी नाचले. त्यांनी दारात गुनवोरला शोधलं, स्पीकर हुंगला, एकीनं त्यावर लेंड्या टाकल्या, आणि परत वर गेल्या.

३ ऑगस्ट

आज गुनवोरनं स्वतः हाक मारली तर निम्म्याच आल्या. बाकीच्या वरून नुसत्या बघत उभ्या. तिला तीनदा बोलवावं लागलं. मला कबूल करावं लागलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. "आवाज आला की मी आहे असं त्यांना वाटतं," एवढंच म्हणाली. "काल मी नव्हते." मग माझ्या हातून रेकॉर्डिंग पुसून घेतलं. समोर उभी राहून.

उद्यापासून मी दिवसभर कळपामागे फिरायचं, खिशात मीठ घेऊन. हाक माझी स्वतःची हवी. तिची नक्कल चालणार नाही.

माझी कुठली हाक? मी फ्लॅटमध्ये वाढलेय!

५ ऑगस्ट

ब्लूबेरी दिसल्या. खात बसले. मान वर केली तर कळप गायब. गुनवोर चुलीवरचं सोडून शोधायला आली. सगळं चीज करपलं.

७ ऑगस्ट

नेलेचा मेसेज : बस चुकली की काय? काय लिहू? शेळ्यांनी सोडलं नाही असं लिहू? खरं म्हणजे त्यांना मी नकोच आहे. पाऊस. बूट फाटला. मला घरी जायचंय, आणि घरीही नापास झालेल्या तीन विषयांखेरीज काही नाही.

१० ऑगस्ट

चिडून एकदाची बाबांची हाक मारली. लहानपणी जेवायला बोलावताना ते तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मारायचे ती. शेवट वर ओढलेला, शेजारीपाजारी हसायचे. सात शेळ्या आल्या.

मीठ दिलं. पुन्हा मारली. अकरा.

गुनवोर म्हणाली, "भुकेल्या माणसासारखं ओरडतेस." पण हसली.

१३ ऑगस्ट

एकेचाळीस. एक लंगडी मागून निवांत आली. गुनवोर दारामागे लपून ऐकत होती, मला पाय दिसत होते. रात्रीच्या जेवणाला तिनं आंबट साय वाढली, न मागता. बॅग भरलीय म्हणाली. मग बराच वेळ बाहेर बसून राहिली. मी विचारलं, भीती वाटते का? तर म्हणे, "शेळ्यांना आता तू आहेस ना." मी याला होकार समजले.

१४ ऑगस्ट

गेली. जाताना उतारापाशी गाडी थांबवून तिनं एकदा हाक मारली. उगाचच. धारांची वेळही नव्हती. सगळ्या धावत गाडीपाशी, आणि मला दोन तास वळवाव्या लागल्या. वैताग!

१९ ऑगस्ट

गुनवोर आली. गाठ साधी निघाली. पण आवाज नाही. नुसती हवा येते. आस्ले म्हणाला, डॉक्टरांनी पहिल्या तारखेच्या आधीच सांगितलं होतं, असं होऊ शकतं, कायमचंही. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं मला खांद्याला धरून दारात उभं केलं. मी हाक मारली. शेळ्या तिच्या जवळून माझ्याकडे आल्या. मी मोजत राहिले, तिच्याकडे बघायला लागू नये म्हणून.